नळ १०० टक्के, पाणी किती? नववीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

शाळा साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथली माणसं मला उद्याही लागणार आहेत. मी नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते, जलसुरक्षेचे तासही माझ्याकडेच आहेत. असा प्रकल्प दुसऱ्या कुणाला करायचा असेल तर आमच्या चुका तरी कामाला याव्यात, म्हणून वहीतल्या नोंदी जवळजवळ तशाच उतरवते आहे. ठरवले होते सहा आठवडे, लागले सतरा.

१९ जून २०२४

सुरुवात ठरवून झाली नाही. तासाला एका मुलाने शिक्षकांच्या खोलीतला टॅब मागितला आणि घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जल जीवन मिशन या सरकारी योजनेच्या संकेतस्थळावरचं आपल्या गावाचं पान वर्गाला दाखवलं. घरं २८७, नळजोडण्या २८७, टक्केवारी १००. वर्ग हसला. त्या दिवशी सकाळीच त्याची आई टँकरच्या रांगेत उभी होती.

मी विचारलं, "मग हे खोटं आहे का?" सगळे एका सुरात "हो" म्हणाले. तिथेच मी "चला, शोधू या" म्हटलं आणि पहिली चूक केली. शोधायचं काय, ते ठरवण्याआधीच उत्तर ठरून गेलं होतं.

जाता जाता एक तक्रार. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा मुलं सहावीत शिकतात. नववीच्या राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे आहेत. माझ्या ३६ मुलांपैकी सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य ३० जणांना पाठ. आपल्या वॉर्डाचा सदस्य कोण, हे ११ जणांना माहीत.

२४ जून

बाहेर पडण्याआधी एक तास अफवांवर घेतला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं, ते उदाहरण घेतलं. मेलेले भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या काळात मोबाइलवर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीतली होती, शेवट कापून ती देशभर फिरवली गेली, हेही सांगितलं. वर्ग गप्प झाला. पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तास फार चांगला झाला असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. महिनाभरात ते वाक्य मला गिळावं लागलं. पुढे येईलच.

२८ जून

सर्वेक्षणाचा फॉर्म तयार. चार पानं, २३ प्रश्न. वार्षिक उत्पन्न, जमीन किती, शिक्षण किती, सगळं घातलं. बी.एड.ला असताना असेच फॉर्म केले होते. ३१० प्रती काढल्या, दीड रुपया पान, १,८६० रुपये. पैसे माझेच.

३ जुलै

फॉर्म बाद. अठरा जोड्या तीन दिवस फिरल्या आणि पूर्ण भरलेले फॉर्म आले २९. कारणं मुलांनी परत आल्यावर फळ्यावर लिहिली:

"उत्पन्न विचारलं की दार बंद. रेशन कार्डातून नाव कापतील म्हणतात."
"कुठल्या पक्षाचे, म्हणून विचारतात." (लोकसभेचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता.)
"चौथ्या पानापर्यंत काकू स्वयंपाकघरात निघून जातात."

त्याहून मोठी चूक एका मुलीने दाखवली. आमचा प्रश्न होता, "घरात नळ आहे का?" तिच्या गल्लीत सगळ्यांनी "आहे" सांगितलं. पाणी आठवड्यात एकदा येतं, पण ते आम्ही विचारलंच नव्हतं. "बाई, आपण पण नळच मोजले की," ती म्हणाली. संकेतस्थळाला हसणारा वर्ग पाच मिनिटं काही बोलला नाही.

कोऱ्या राहिलेल्या फॉर्मांची मागची बाजू गणिताच्या सरांनी कच्च्या कामाला नेली.

५ जुलै

नवा फॉर्म, एक पान, पाच प्रश्न:

या घरात चुली किती आणि माणसं किती?
नळ आहे का? असेल तर दारात, आवारात की बाहेर?
मागच्या सात दिवसांत पाणी किती वेळा आलं?
आलं तेव्हा साधारण किती मिनिटं?
नळाशिवाय पाणी कुठून आणता?

नाव लिहायचं नाही, फक्त वस्ती आणि घराचा क्रमांक. आधी दहा घरांत वापरून पाहिला, मग प्रती काढल्या. खर्च ४६५ रुपये. पहिल्यांदाच दहा घरं करून पाहिली असती तर १,८६० वाचले असते.

"चुली किती" हा प्रश्न एका मुलाच्या आजीने सुचवला. पहिल्या फेरीत एका गल्लीत मुलांनी दाराला एक घर धरलं, दुसऱ्या गल्लीत वेगळ्या राहणाऱ्या भावांना दोन. त्यामुळे गावात घरं ३६८ भरत होती. एक चूल म्हणजे एक कुटुंब असा नियम केल्यावर आकडा ३४१ वर आला. संकेतस्थळावर २८७. हा फरक कुठून आला, ते तेव्हा कळलं नव्हतं.

८ जुलै

माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज. एका मुलीच्या वडिलांनी आपल्या नावाने केला, मसुदा मुलांचा. जोडपत्र अ, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ग्रामपंचायतीत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घ्यायची हे मुलांना माहीत नव्हतं. एक जोडी अर्ज टेबलावर ठेवून परत आली होती, तिला पुन्हा पाठवलं.

मसुद्याची पहिली ओळ: "आमच्या गावात रोज पाणी का येत नाही?" मला ती आवडली होती. धीट वाटली.

१५ जुलै

पाणी मोजणं. हा भाग सगळ्यांत सोपा आणि मुलांना सगळ्यांत आवडलेला. पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच.

एका घराचं उदाहरण देते. बादली भरायला अडीच मिनिटं, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. पाणी तिसऱ्या दिवशी ४० मिनिटं, म्हणजे २४० लिटर. तीन दिवसांत वाटलं तर दिवसाला ८०, घरात पाच माणसं, माणशी १६ लिटर. मिशनचं ठरलेलं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. टाकीजवळच्या एका घरात हेच गणित ६१ वर गेलं. तिथल्या मुलाचा चेहरा उतरला, कारण त्याच्या घरचं पाणी जास्त निघालं. ते लिहायचंच, असं मी सांगितलं. तो "खोडतो ना बाई" म्हणत होता.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी दोन ठिकाणी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, करून दाखवली. एका नळाच्या पाण्याला फिकट पिवळा रंग आला, शेवटच्या टोकाच्या नळाला काहीच नाही. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकीत पडते की नाही हा वेगळाच विषय निघाला. हात घातला नाही. एका प्रकल्पात एकच प्रश्न, हे मी इथे उशिरा शिकले.

२२ जुलै

वाईट दिवस.

काल रात्री आमच्याच वर्गातल्या एकाने गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला. पाण्याच्या टाकीला मोठी चीर, खाली ओळ: "आपल्या गावची टाकी बघा. पैसे कुणी खाल्ले?" रात्रीत तो आणखी तीन ग्रुपांवर गेला. सकाळी हेडसरांनी बोलावलं तेव्हा सरपंचबाई त्यांच्या खोलीत बसलेल्या होत्या.

टाकी आमची नव्हतीच. आमच्या टाकीला शिडी उत्तरेला आहे, फोटोत ती दुसऱ्याच बाजूला. मुलाला फोटो मामाच्या ग्रुपवरून आला होता. "आपलीच असेल असं वाटलं," एवढंच तो म्हणाला. राईनपाड्याच्या तासाला हाच मुलगा पहिल्या बाकावर होता.

सरपंचबाई रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. म्हणाल्या, "मॅडम, माझ्याही घरी तिसऱ्या दिवशीच येतं पाणी. मला विचारलं असतं तर मी पण फॉर्म भरला असता." खरंच, आम्ही त्यांच्या दारात गेलोच नव्हतो. मुलांनी ते घर आपणहून सोडलं होतं आणि मी विचारलं नव्हतं.

२५ जुलै

दुरुस्ती. मुलाने फोटो पुसला होता, पण पुढे गेलेल्या प्रती कोण पुसणार? वर्गाने तो गूगल लेन्सवर टाकला. तीन वर्षांपूर्वीच्या एका बातमीत तो सापडला, जिल्हा दुसराच. शोधायला चार मिनिटं लागली. टाकण्याआधी ही चार मिनिटं कुणी दिली नाहीत, यावर मी भाषण दिलं नाही, सगळ्यांना ते दिसतच होतं.

दुरुस्तीचा पहिला मजकूर मी लिहिला. चौदा ओळी, "सर्व ग्रामस्थांना नम्र निवेदन". ग्रुपवर कुणी वाचला नाही, खाली लगेच वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू. दुसरा मजकूर मुलांनी केला: तोच फोटो, त्यावर लाल फुली, खाली "ही आपली टाकी नाही. चूक नववीच्या वर्गाची." तो फोटो गेलेल्या चारही ग्रुपांवर टाकला. त्या मुलाचं नाव मी घालू दिलं नाही, त्यावर वर्गात बराच वाद झाला.

नुकसान: सर्वेक्षण आठ दिवस बंद, चाळीसेक घरांनी फॉर्म द्यायला नकार दिला. त्यांतली बरीच पुढे परत उघडली, ती सरपंचबाईंनी स्वतः फॉर्म भरला म्हणून.

६ ऑगस्ट

अर्जाचं उत्तर, मुदतीत. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी अर्ज पाणीपुरवठ्याच्या उपविभागाकडे पाठवला होता. कायद्यात तशी सोय आहे: माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा. उपविभागाचं उत्तर दोन ओळींचं: मागितलेली बाब अभिलेखात उपलब्ध असलेल्या माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

मुलं चिडली. पण उत्तर बरोबर होतं. कार्यालयात जो कागद आहे तो मागता येतो, कारण विचारता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितलं आहे: "का" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या कायद्याखालची माहिती नव्हे. मला हे आधी माहीत असायला हवं होतं. महिना गेला.

पहिलं अपील करू या, असा एका गटाचा हट्ट होता. वीस रुपये आणि आणखी महिनाभर. मी नको म्हटलं. चुकीच्या प्रश्नाला अपील करून तो बरोबर होत नाही.

८ ऑगस्ट

आता दोन अर्ज, दोन कार्यालयं, वीस रुपये. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, हे राज्याच्या नियमांत आहे. मुलांनी शब्द मोजले.

ग्रामपंचायतीकडे: गाव "हर घर जल" असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणि त्या सभेची हजेरी.
उपविभागाकडे: योजनेच्या अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मोजमापं लिहिलेली वही) प्रत, नळजोडणी दिलेल्या कुटुंबांची यादी.

एकही वाक्य प्रश्नार्थक नाही. "बाई, धीट नाही वाटत," एक मुलगी म्हणाली. मलाही नाही वाटत. पण याला उत्तर येतं.

१६ ऑगस्ट

कालच्या ग्रामसभेला दहा मुलं आणि मी गेलो. मुलं मतदार नाहीत, म्हणून मागे बसून फक्त पाहायचं असं ठरलं होतं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. मुलांनी डोकी मोजली: ४१. सभा तहकूब. झेंड्याच्या कार्यक्रमाला मैदान भरलं होतं, जिलेबी घेऊन माणसं घरी गेली.

माझा सगळा आराखडा १५ ऑगस्टवर बांधलेला होता. कागद हातात नव्हते, त्यामुळे सभा झाली असती तरी मांडायला काही नव्हतं. नवी तारीख: २ ऑक्टोबर.

६ सप्टेंबर

उद्या गणपती, आज कागद आले. ४६ पानं, दोन रुपये पान, ९२ रुपये. वर्ग सजावट सोडून त्यांवर तुटून पडला आणि दहा मिनिटांत मागे सरला. मोजमाप पुस्तिका कुणालाच वाचता येईना. मलाही नाही.

१८ सप्टेंबर

विसर्जनानंतरचे दोन तास. एका मुलाचे वडील नळाची कामं करतात, त्यांना बोलावलं. ते पहिल्यांदाच शाळेत शिकवायला उभे राहिले आणि घामाघूम झाले, पण पुस्तिका त्यांनीच उलगडली: कुठला पाइप किती इंची, कुठून कुठपर्यंत. मुलांनी पाइपाची रेघ गावाच्या नकाशावर काढली. ती गावठाणाच्या वेशीवर संपली.

रानातल्या वस्त्या अंदाजपत्रकातच नाहीत. पाइप चोरीला गेला नाही, पैसे कुणी खाल्ल्याचं या कागदांवरून दिसत नाही. वस्त्या योजनेत कधी नव्हत्याच.

मग यादी. २८७ नावं आमच्या नकाशाशी जुळवायला तीन दिवस लागले. ९ नावं दोनदा: बाप आणि मुलगा, नळ एक. २१ घरांना कुलूप: नळ गावठाणात, माणसं वस्तीवर नाही तर पुण्या-मुंबईला. उरली २५७ घरं, जिथे नळही आहे आणि माणूसही. आमच्या मोजणीतल्या ३४१ पैकी ८४ कुटुंबांना राहत्या घरी नळ नाही. त्यांतली ६२ वस्त्यांवरची, २२ गावठाणातच वेगळी झालेली. सर्वेक्षणाच्या आठवड्यात दोनदा तरी पाणी आलेली घरं १९८.

म्हणजे १०० टक्के म्हणजे यादीतल्यांचे १०० टक्के. यादीत कोण, हे १०० च्या पोटात दडलेलं होतं.

ठरावाच्या हजेरीवर एका मुलाच्या आजीचा अंगठा सापडला. तिला विचारलं तर म्हणाली, "मी आले म्हणून अंगठा दिला. ठराव कसला ते कुणी वाचून नाही दाखवलं, आणि मी पण नाही विचारलं." दुसरं अर्धं वाक्यही लिहायला तिनेच सांगितलं.

२४ सप्टेंबर

ग्रामसभेसाठी एका पानाचं निवेदन. पहिल्या मसुद्यात "खोटी आकडेवारी" हे शब्द तीनदा होते. मी काही म्हणायच्या आत फोटोवाल्या मुलाने ते काढायला लावले. "सिद्ध काय झालंय? यादी जुनी आहे एवढंच." मग त्या जागी आलं: "संकेतस्थळावरील २८७ आणि आमच्या मोजणीतील ३४१ यांतील फरक पुढीलप्रमाणे." आमची मोजणी कुठे कच्ची आहे तेही खाली लिहिलं: एका आठवड्याची, पावसाळ्यातली, १३ घरांनी शेवटपर्यंत नकार दिलेली.

३ ऑक्टोबर

१ तारखेला महिला सभा झाली. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी लागते, पण आमच्या गावात एरवी ती रजिस्टरातच होते. या वेळी २६ बायका आल्या, निम्म्या आमच्या मुलींच्या आया. निवेदन वाचलं वस्तीवरच्या एका आईने. अडखळत वाचलं, मध्ये थांबून "हे माझ्या पोरीनं मोजलंय" असं सांगितलं. मुद्दा इतिवृत्तात लिहून घेतला.

कालच्या ग्रामसभेत गणपूर्ती झाली, १०० वर माणसं. त्याच बाईंनी उभं राहून विचारलं, "वस्त्या योजनेत का नाहीत?"

मागे बसलेल्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जात न चाललेला "का" इथे चालला. भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, तेही सरळ: पायाभूत सर्वेक्षण झालं तेव्हा वस्त्यांवरची बरीच घरं गावठाणातल्या घरपट्टीवरच धरली गेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "शाळेनं राजकारण करू नये" असंही ऐकवलं. हेडसर खाली बघत राहिले. सरपंचबाई म्हणाल्या, "शाळेनं मोजलंय काका, राजकारण आपण करतोय."

ठराव तीन: वस्त्यांवरच्या ६२ कुटुंबांचा पुरवणी प्रस्ताव पाठवणे, शेवटच्या गल्लीचा बिघडलेला व्हॉल्व्ह बदलणे, पाणी सोडण्याचं वेळापत्रक फळ्यावर लावणे. दर महिन्याला ग्रामपंचायतीने पाणी मोजावं ही मागणी मंजूर झाली नाही.

१६ ऑक्टोबर

वेळापत्रकाचा फळा लागला. पाणी सोडणारे शिपाई मामा तो पाळतात, पण वीज गेली की फळा निरुपयोगी. पाच नोंदींपैकी तीन वेळा पाणी वेळेवर.

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. व्हॉल्व्हचं काम निवडणूक होईपर्यंत होणार नाही, असं भाऊसाहेबांनी सांगितलं. पुरवणी प्रस्ताव पंचायत समितीत पोचल्याची पोच मात्र मुलांनी मागून घेतली. संकेतस्थळावर अजून २८७ पैकी २८७.

सहामाही परीक्षेत सहावीला "ग्रामसभेची कार्ये लिहा" हा प्रश्न होता. आमच्या फोटोवाल्या मुलाच्या धाकट्या बहिणीने उत्तरात लिहिलं, "माणसं कमी आली तर सभा तहकूब होते आणि जिलेबी संपते." सहावीच्या बाईंनी अर्धा गुण दिला आणि पेपर मला दाखवायला आणला.

एकूण खर्च: दोन्ही फॉर्म २,३२५, तीन अर्ज ३०, प्रती ९२, नकाशाचे कागद आणि स्केचपेन १८०. हेडसरांनी यातले ५०० शाळेच्या खर्चातून दिले. बादली घरचीच होती.

मला निवडणुकीची ड्युटी लागेल अशी चिन्हं आहेत. मी नसेन तेव्हा फळ्याशेजारी उभं राहून वेळ लिहिण्याची पाळी कुणाची, याची यादी मुलांनी वर्गाच्या दाराला चिकटवली आहे. २० नोव्हेंबरला मतदान आमच्याच वर्गात, तेव्हा ती यादी काढावी लागेल का, असं त्यांनी विचारलंय. विचारून सांगते म्हटलंय.